तुटलेली कंडरा आणि बांधलेला हात

गेल्या दिवाळीच्या आधींची गोष्ट. घरांत आवराआवर चालली होती, आणि कोणत्याहि जबाबदारीच्या कामास नालायक ठरलेला मनुष्य म्हणून कांचेचे पेले विसळण्याचें काम मजकडे आलें होतें. त्यांतला एक पेला हातांतच फुटला. डाव्या अनामिकेच्या मुळाशीं, तळव्याच्या बाजूस, जेमतेम अर्ध्या इंचाची जखम झाली. रक्तहि फारसें गेलें नाहीं. जवळच्या एका दवाखान्यांत दोन टांके घालून, वर पट्टी बांधून मला घरीं पाठविण्यांत आलें. बोट वांकतें कीं नाहीं हें तेथें कोणी पाहिलें नाहीं, आणि मलाहि तें पाहण्याचें सुचलें नाहीं. चौथ्या दिवशीं सदऱ्याची गुंडी लावतांना ध्यानांत आलें कीं तें बोट इतरांबरोबर मिटत नाहीं. त्यांत वेदना नव्हती, सूज बेताचीच होती; मी आज्ञा करीत होतों आणि ती बोटापर्यंत पोंचत नव्हती, इतकेंच.

हाताच्या शस्त्रक्रियेंत निष्णात असलेल्या एका डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं बोट वांकविणाऱ्या दोन्ही कंडरा तुटल्या आहेत. सहाव्या दिवशीं शस्त्रक्रिया झाली. तिला दीड तास लागला. पुढचे तीन महिने माझे होते. घरीं परतलों त्या संध्याकाळीं माझी वडील बहीण समाचारास आली आणि तिनें बजावलें, "शीर तुटली होती ना? मग हात मुळींच हलवूं नकोस. जुळूं दे आधीं." चार दिवसांनीं रुग्णालयांतील हस्तोपचार करणाऱ्या मुलीनें, जी वयानें माझ्या विद्यार्थिनींपैकींच एखादी शोभली असती, पट्टी सोडली आणि सांगितलें, "सर, आजपासून बोट हलवायचं. मी सांगते तसंच आणि तितकंच. पण दर तासाला."

ह्या दोन आज्ञांतील विरोध मला प्रथम घरगुती वाटला. शिकलेली पिढी एक सांगते, जुनी दुसरें सांगते, त्यांतलाच हा प्रकार असेल असें मी समजलों. परंतु सक्तीच्या विश्रांतींत, एका हातानें पुस्तकाचीं पानें उलटीत, या विषयाचें जें जें मिळालें तें वाचूं लागलों तेव्हां दिसून आलें कीं माझी बहीण जें म्हणाली तेंच म्हणणारे शस्त्रवैद्य अगदीं परवांपरवांपर्यंत युरोप-अमेरिकेंतील मोठमोठ्या पीठांवर बसलेले होते, आणि त्या मुलीच्या एका वाक्यामागें बरीच मोठी लढाई होऊन गेलेली आहे. त्या लढाईची हकीकत वाचकांस सांगावी म्हणून हा लेख.

मनुष्याच्या बोटांत त्यांना वांकविणारा स्नायु नसतो, ही गोष्ट पन्नाशी उलटेपर्यंत मला ठाऊक नव्हती. तीं मिटविणारे मुख्य स्नायु कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान असतात. तेथून निघालेल्या पांढऱ्या, चकचकीत, चिवट दोऱ्या मनगटांतून तळव्यांत व तळव्यांतून बोटांत उतरतात. ह्याच कंडरा. अंगठा सोडला तर प्रत्येक बोटांत वांकविणाऱ्या दोन कंडरा जातात. एक मधल्या पेराशीं थांबते. पण थांबण्यापूर्वीं तिचीं दोन पातीं होतात, आणि त्या दुभंगांतून दुसरी, खालून येणारी कंडरा वर निघून शेवटच्या पेरास जाऊन भिडते. पेत्रुस कांपर या अठराव्या शतकांतील डच शरीरशास्त्रज्ञाचें नांव त्या जागेला मिळालेलें आहे. ह्या दोघी एका अरुंद नळींतून सरकतात. नळीच्या आंत बुळबुळीत रस असतो, आणि तिच्यावर ठिकठिकाणीं आडवे मजबूत पट्टे असतात. विहिरीवरच्या कप्पीनें दोर जागेवर धरावा तसे हे पट्टे कंडरेला हाडालगत धरतात. ते नसते तर मूठ वळतांना कंडरा धनुष्याच्या दोरीसारखी हाड सोडून पुढें आली असती. एवढ्याशा जागेंत इतकी सोय करून ठेवलेली असल्यामुळें तेथें राईएवढी गांठहि खपत नाहीं.

सारी अडचण येथेंच आहे. तुटलेल्या कंडरेचीं टोकें नव्या ऊतकानें, म्हणजे व्रणानें, सांधतात. पण तो व्रण टोकांपुरता थांबत नाहीं. ज्या लुकणानें टोकें जुळावयाचीं त्याच लुकणानें कंडरा भोंवतालच्या नळीलाहि चिकटते. हात निश्चल ठेवावा तर सांधा पक्का होतो, पण बोट काष्ठवत् राहतें. हलवावा तर बोट मोकळें राहतें, पण सांधा सुटण्याची भीति. शस्त्रवैद्याची सुई कितीहि कुशल असो, ह्या पेंचांतून ती एकटी सोडवूं शकत नाहीं.

प्राचीनांनीं हा पेंच ओळखण्यापूर्वींच त्यांची वाट अडली होती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत पेर्गामम येथें ग्लॅडिएटरांच्या जखमा बांधणाऱ्या गेलेननें कंडरा पुष्कळ पाहिल्या असल्या पाहिजेत. परंतु कंडरा ही मज्जातंतु आणि अस्थिबंध यांच्या धाग्यांची बनलेली असते असें त्याचें मत होतें. म्हणून तिला सुई टोंचली तर आंचके येतील, असा त्यानें इशारा दिला. ग्रीक भाषेंत 'न्यूरॉन' हा एकच शब्द मज्जातंतूला आणि कंडरेलाहि चालत असे; तेव्हां हा घोटाळा कांहीं अंशीं भाषेचाहि म्हणावा लागेल. आपण हंसण्याचें कारण नाहीं. संस्कृत वैद्यकांत स्नायु म्हणजे बांधून ठेवणारे तंतु. आज मराठींत स्नायु म्हणजे मांसपेशी. आणि बोलण्यांत 'शीर' म्हटली कीं रक्तवाहिनी, मज्जातंतु आणि कंडरा या तिघींचाहि त्यांत समावेश होतो. माझ्या बहिणीची 'शीर' गेलेनच्या न्यूरॉनची सख्खी बहीणच होय.

अकराव्या शतकाच्या आरंभीं इब्न सीना यानें कंडरेला टांके घालावे असें सुचविल्याचें इतिहासकार सांगतात; परंतु युरोपांत गेलेनचा धाक शतकानुशतकें कायम राहिला. तो मोडण्यास प्रयोग लागला. १७५२ सालीं गटिंगेन येथील आल्ब्रेख्ट फोन हालर यानें जिवंत प्राण्यांच्या शरीराचे निरनिराळे भाग डंवचून, कोणत्या भागाला संवेदना आहे व कोणत्याला नाहीं याची परीक्षा केली, आणि कंडरेला संवेदना नाहीं असें दाखवून दिलें. त्या प्रयोगांची क्रूरता आज अंगावर कांटा आणते. पण दीड हजार वर्षांची भीति त्यांनीं घालविली, हेंहि नाकारतां येत नाहीं.

त्यानंतर पंधरा वर्षांनीं, १७६७ सालीं, लंडनचा सुप्रसिद्ध शस्त्रवैद्य जॉन हंटर याच्या स्वतःच्याच टांचेवरची कंडरा तुटली. नाचतांना तुटली, असें म्हणतात. हंटर अंथरुणावर पडून राहिला नाहीं. टांच उंच करून तो हिंडतफिरत राहिला; आणि आपल्या पायांत काय चाललें आहे हें कळावें म्हणून त्यानें कुत्र्यांच्या कंडरा कापून त्या कशा सांधतात याचें निरीक्षण केलें. दुखापत झालेल्या वैद्यानें आपल्या दुखापतीचा अभ्यास करावा हें मला फार आवडलें. माझ्यासारख्या इतिहासाच्या अध्यापकाला तितकें साधण्यासारखें नव्हतें. मीं फक्त वाचलें.

एकोणिसाव्या शतकांत मात्र पारडें विश्रांतीकडे झुकलें, आणि त्यास कारणेंहि होतीं. हाडें मोडलीं कीं तीं स्थिर ठेवल्यानेंच जुळतात हा अनुभव सर्वत्रांचा. आपल्याकडचे हाडवैद्य बांबूच्या कामट्या बांधीत. तिकडे १८५२ च्या सुमारास मॅथायसेन या डच लष्करी वैद्यानें प्लास्टर लावलेल्या पट्ट्यांची युक्ति प्रचारांत आणली आणि अवयव दगडासारखा निश्चल करण्याचें साधन प्रत्येक रुग्णालयास मिळालें. इंग्लंडांत जॉन हिल्टन यानें १८६३ मध्यें विश्रांतीच्या गुणांवर व्याख्यानांचा ग्रंथच प्रसिद्ध केला. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन टॉमस तर विश्रांतीचा कट्टर उपासक. सांध्याला विश्रांति द्यावयाची ती सक्तीची, अखंड आणि दीर्घ, असें त्याचें सूत्र. त्याच्या नांवाच्या मांडीच्या स्प्लिंटनें पुढें पहिल्या महायुद्धांत किती तरी शिपायांचे प्राण वांचविले. फ्रान्समध्यें लूका-शांपिओन्येर हा शस्त्रवैद्य याच काळांत मोडलेल्या हाडांनासुद्धां मर्दन व हालचाल हवी असें सांगत होता. पण ऐकणारे थोडे. सारांश, स्प्लिंट म्हणजे हालचाल बंद करण्याचें साधन, हा अर्थ त्या शब्दाला या काळांत चिकटला, आणि तो आपल्या मनांतून अजूनहि गेलेला नाहीं.

आतां सान फ्रान्सिस्कोच्या स्टर्लिंग बनेल यांच्याकडे वळूं. हाताच्या शस्त्रक्रियेला स्वतंत्र शास्त्राची प्रतिष्ठा देणाऱ्या मंडळींत त्यांचें नांव पहिलें घेतात. बोटांतील कंडरा कशा जोडाव्या याविषयीं त्यांचा निबंध १९१८ सालचा. आणि १९४४ मध्यें प्रसिद्ध झालेला त्यांचा हाताच्या शस्त्रक्रियेवरील ग्रंथ दुसऱ्या महायुद्धांतील जखमी शिपायांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा मार्गदर्शक झाला. १९४६ सालीं अमेरिकेंत हस्तशस्त्रवैद्यांची संस्था स्थापन झाली तिचे ते पहिले अध्यक्ष होत. अशा मनुष्यानें तळव्याच्या शेवटच्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतच्या टापूला, जेथें दोन्ही कंडरा एका नळींत कोंडलेल्या असतात आणि जेथें माझी जखम झाली होती त्याच टापूला, 'नो मॅन्स लँड' म्हटलें. दोन सैन्यांच्या खंदकांमधली, जिच्यावर पाऊल टाकील तो मरेल, अशी ती जमीन. येथें कंडरा तुटली असेल तर ती त्या वेळीं जोडण्याच्या भरीस पडूं नका. फक्त कातडी शिवा, जखम पुरती भरूं द्या, आणि कांहीं आठवड्यांनीं तुटलेली कंडरा काढून तिच्या जागीं दुसरीकडची कंडरा बसवा, असा त्यांचा उपदेश होता. त्याच्या मुळाशीं भित्रेपणा नव्हता. घाईनें जोडलेलीं शेंकडों बोटें चिकटून निकामी झालेलीं त्यांनीं पाहिलीं होतीं.

शिकागो येथें मेसन व ॲलन यांनीं १९४१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनीं या सावधगिरीस शास्त्राचा आधार दिला. कुत्र्यांच्या जोडलेल्या कंडरांची ताकद त्यांनीं दिवसेंदिवस मोजली, तेव्हां असें आढळलें कीं टांके घातल्यानंतरच्या पहिल्या पांच दिवसांत सांध्याची ताकद वाढण्याऐवजीं उलट कमी होते, आणि पुढें दोन-तीन आठवड्यांनीं ती खरी वाढूं लागते. निष्कर्ष असा कीं, तीन आठवडे हात हलवूं नये. म्हणजे माझ्या बहिणीचाच निष्कर्ष. फक्त कुत्रे मारून काढलेला.

'नो मॅन्स लँड'मध्यें प्रथम कोणी पाऊल टाकलें? स्वित्झर्लंडांत लोझान येथील क्लोद व्हेर्दां यांनीं १९६० सालीं तेथें ताबडतोब जोडलेल्या कंडरांचे अनुभव प्रसिद्ध केले. हाताचे प्रदेश पाडून त्यांना क्रमांक देण्याची जी पद्धति आज रूढ आहे तीहि त्यांच्याच नांवावर आहे. परंतु खरी खळबळ उडविली ती केंटकी संस्थानांतील लुईव्हिलच्या हॅरॉल्ड क्लाइनर्ट यांनीं. १९६७ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आपले निकाल हस्तशस्त्रवैद्यांच्या सभेपुढें मांडले. निषिद्ध टापूंत तुटलेल्या कंडरा आम्ही त्याच वेळीं जोडतों आणि बोटें चांगलीं वांकतात, असें त्यांचें म्हणणें होतें. सभेचा त्यावर विश्वास बसला नाहीं. रोगी प्रत्यक्ष पाहून येण्यासाठीं कांहीं सभासद लुईव्हिलला गेले आणि खात्री करून परतले, अशी हकीकत सांगतात.

क्लाइनर्ट यांचें यश टांक्यांत होतें तितकेंच, किंबहुना त्याहून अधिक, टांक्यानंतरच्या युक्तींत होतें. ती युक्ति इतकी साधी कीं प्रथम वाचतांना हंसूं येतें. हाताच्या पाठीवर मनगट व बोटांचे मूळसांधे वांकलेले राहतील अशी प्लास्टरची स्प्लिंट. जखमी बोटाच्या नखाला अडकवलेला एक रबर बँड. त्याचें दुसरें टोंक मनगटाजवळ. रबर बोटाला ओढून वांकवून ठेवतें. रोग्यानें करावयाचें काय? तर बोट स्वतःच्या शक्तीनें सरळ करावयाचें, पाठीवरची स्प्लिंट लागेपर्यंत. आणि मग सैल सोडावयाचें. रबर त्याला पुन्हां खालीं नेतें. बोट सरळ करणारे स्नायु काम करीत असतांना वांकविणारे स्नायु आपोआप सैल पडतात, हा शरीराचा स्वभाव. त्यामुळें नव्या सांध्यावर ताण येत नाहीं, आणि तरी कंडरा नळींत मागेंपुढें सरकत राहते. तिला चिकटण्यास सवड मिळत नाहीं. ज्या स्प्लिंटचें काम आजवर थांबविणें हें होतें, तिच्याकडे आतां मोजून हलूं देणें हें काम आलें.

सरकणें किती हवें, याचेंहि माप निघालें. १९७५ सालीं ड्युरन आणि हाउझर यांनीं दाखविलें कीं कंडरा तीन ते पांच मिलिमीटर सरकली तरी ती भोंवतालच्या भागाशीं घट्ट चिकटत नाहीं. तीन मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याची अर्धी लांबी. त्यांच्या पद्धतींत रबर नव्हतें. चांगल्या हातानें जखमी बोटाचें एकेक पेर धरून तें ठराविक वेळां वांकवावयाचें व सोडावयाचें. मला पहिल्या आठवड्यांत हेंच करावयास सांगितलें होतें, आणि आपण आपल्याच बोटाला दुसऱ्याच्या मुलाला शिकवावें तसें शिकवीत आहों, ही जाणीव मोठी विचित्र होती.

तरीहि मूळ प्रश्न राहिलाच होता: कंडरेला स्वतः सांधण्याची शक्ति आहे काय? १९६० नंतरच्या दशकांत असें मत प्रबळ होतें कीं तिला ती नाहीं. भोंवतालच्या भागांतून येणारे चिकटेच तिला पोसतात आणि जोडतात. हें खरें असेल तर चिकटे टाळणें म्हणजे सांधाच टाळणें होय. याचें उत्तर स्वीडनच्या गटेबोर्य शहरांतील गोरान लुंडबोर्य यांच्या प्रयोगांतून आलें. १९७८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत सशाच्या कंडरेचा तुकडा कापून, पुन्हां जोडून, त्याच्याच गुडघ्याच्या सांध्यांतील रसांत मोकळा सोडून देण्यांत आला. त्याला रक्तवाहिनी नव्हती, चिकटण्यास भिंत नव्हती. नुसत्या रसावर तो सांधला. पाठोपाठ अमेरिकेंत गेल्बरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कुत्र्यांवरच्या प्रयोगांनीं दाखविलें कीं हलविलेल्या कंडरा बांधून ठेवलेल्यांपेक्षां अधिक मोकळ्या तर राहतातच, पण अधिक मजबूतहि होतात. मेसन-ॲलन यांनीं मोजलेली सुरुवातीची दुर्बलता खरी होती. पण ती बांधून ठेवलेल्या कंडरेची होती.

येथून पुढची वाट भराभर कापली गेली. टांक्यांचे धागे दोनांवरून चारांवर, सहांवर गेले. १९८९ मध्यें बेलफास्टच्या डॉक्टरांनीं रोग्याला पहिल्याच दिवसांत स्वतःच्या स्नायूनें, जपून, बोट वांकवूं देण्याची पद्धति जाहीर केली. कॅनडांतील डोनाल्ड लालोंद यांनीं रोग्यास भूल न देतां, केवळ बोट बधिर करून शस्त्रक्रिया करण्याचा पुरस्कार केला. रोगी जागा असतो, टेबलावरच मूठ वळून दाखवितो, आणि सांधा फांकतो कीं काय हें शस्त्रवैद्य कातडी शिवण्यापूर्वींच पाहतो. माझ्या डॉक्टरांनींहि तसेंच केलें. पडद्यापलीकडून "आतां मूठ वळा" असें ऐकूं आलें आणि सहा दिवसांनीं माझी आज्ञा बोटानें ऐकली. त्या क्षणाचें वर्णन करण्याचें धाडस मी करीत नाहीं.

परंतु हा सगळा इतिहास शस्त्रवैद्यांच्या नांवांनीं लिहिला जातो, हें मला खटकतें. दीड तासाच्या कामाला ग्रंथांत नांव आहे. तीन महिन्यांच्या कामाला क्वचितच आहे. अमेरिकेंत हस्तोपचारकांची स्वतंत्र संस्था निघाली ती १९७७ सालीं, म्हणजे शस्त्रवैद्यांच्या संस्थेनंतर तीस वर्षांहून अधिक काळानें. आपल्याकडे या कामाचा पाया ज्यांनीं घातला त्या कमलाबाई निंबकर यांचें नांव तर सुशिक्षित घरांतहि फारसें ऐकूं येत नाहीं. जन्मानें अमेरिकन, विवाहानें महाराष्ट्रीय अशा या बाईंनीं १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. आशियांतील ती पहिली शाळा म्हणून ओळखली जाते. त्याच सुमारास मद्रास इलाख्यांत वेल्लोर येथें पॉल ब्रँड हे कुष्ठरोग्यांच्या पांगळ्या हातांत चांगल्या स्नायूची कंडरा वळवून बसवीत होते, आणि पुणें व मुंबई येथें पुढें नोशीर अंतिया यांनीं तेंच कार्य हातीं घेतलें. तेथें तर अडचण दुहेरी. वळविलेल्या कंडरेला नवें काम शिकवावयाचें, आणि ज्या हाताला स्पर्शच कळत नाहीं त्याला शिकवावयाचें. आंखडलेलीं बोटें झटका देऊन सरळ करूं नयेत, प्लास्टर वरचेवर बदलून थोडथोडीं उकलावीं, हा ब्रँड यांचा धडा आज कुष्ठरोगाशीं संबंध नसलेल्या हातांनाहि उपयोगी पडतो.

माझी स्प्लिंट त्या मुलीनें माझ्यासमोर केली. प्लॅस्टिकचा एक पांढरा तुकडा कात्रीनें कापून तिनें ऊन पाण्याच्या भांड्यांत टाकला; तो पोळीच्या कणकेसारखा मऊ झाला, तेव्हां तिनें तो माझ्या हाताच्या पाठीवर पसरून दाबून धरला, आणि दोन-चार मिनिटांत तो माझ्या हाताचा ठसा घेऊन कडक झाला. सहा आठवडे तो माझ्या हातावर होता; स्नानाच्या वेळींसुद्धां. त्यानंतर तिनें एक लवचीक गोळा आणून दिला आणि तो दाबावयास सांगितलें. पंधरवड्यानें त्याहून घट्ट, मग आणखी घट्ट. तिसरा गोळा हातीं आला तेव्हां मला सुश्रुत आठवला. तळहाताचें हाड मोडलेल्या रोग्याला प्रथम शेणाचा गोळा धरावयास द्यावा, मग मातीचा, आणि हातांत बळ आल्यावर दगड, असें त्यानें चिकित्सास्थानांत सांगून ठेवलें आहे. स्प्लिंटसाठीं कोणत्या झाडांच्या साली वापराव्या हेंहि तेथेंच सांगितलें असून, तिला त्यानें 'कुश' असा सुटसुटीत शब्द योजिला आहे. यावरून आमच्या पूर्वजांना क्लाइनर्टची विद्या अवगत होती असें कोणी म्हणूं लागल्यास मी त्यांच्या बाजूस नाहीं. सुश्रुताचा तो उपचार हाडाचा, कंडरेचा नव्हे. हाता-पायांतील कंडरांचे अंकुर म्हणजे नखें, असेंहि त्यानें लिहिलें आहे. पण हाताला बळ पायरीपायरीनें द्यावें लागतें, आणि तें औषधानें नव्हे तर कामानें येतें, हें ज्यानें पाहिलें त्यानें रोग्याच्या शेजारीं कांहीं आठवडे बसून पाहिलें असलें पाहिजे.

ह्या साऱ्या विद्येला एक गोष्ट गृहीत धरावी लागते, ती म्हणजे रोग्यास सवड आहे. मला पगारी रजा होती, भाजी चिरणारे घरांत कोणी होतें, आणि डावा हात नसल्यानें माझें व्याख्यान अडत नव्हतें. दर बुधवारीं त्या बांकावर माझ्या शेजारीं एक तरुण येऊन बसे. मराठवाड्यांतून ऊसतोडीला आलेला. नवराबायको मिळून त्या धंद्यांत 'एक कोयता' मोजतात. नवऱ्याचा हात गेला कीं अर्धाच कोयता राहतो, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल मात्र पुरी फेडावी लागते. उजव्या तर्जनीची कंडरा कोयत्यानें तुटून माझ्याच आठवड्यांत त्याची शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टर तेच, टांके तसेच, स्प्लिंट त्याच मुलीनें केलेली. चौथ्या आठवड्यांत तो आला नाहीं. पांचव्यांत आला तो स्प्लिंट हातांत घेऊनच. बोट दुखत नव्हतें, चांगलें वांकूं लागलें होतें, म्हणून त्यानें ती काढून ठेवली आणि उसाची एक मोळी उचलली. "तट् करून वाजलं," एवढेंच तो म्हणाला. अहवाल सांगतात कीं अशा जोडलेल्या कंडरांपैकीं शेंकडा चार-पांच पुन्हां तुटतात. बोट चांगलें वाटूं लागतें तोच काळ सर्वांत धोक्याचा, असेंहि ते सांगतात. परंतु उचल कोणाची किती होती, याचा रकाना त्यांत नसतो. त्या मुलीनें त्याला एक शब्द बोलून दाखविला नाहीं. मला मात्र, एक दिवस तास चुकविल्याबद्दल, तिनें चांगलेंच फैलावर घेतलें होतें.

त्याच्या बोटांत पुढें सिलिकोनची एक बारीक कांडी बसविण्यांत आली. ही युक्ति फिलाडेल्फियाच्या जेम्स हंटर यांची, १९७१ सालची. लंडनचा हंटर निराळा, हा निराळा. नळी व्रणानें भरून गेली असली म्हणजे तेथें ही गुळगुळीत कांडी ठेवतात. तिच्याभोंवतीं शरीर नवी नळी तयार करतें. आणि तीनेक महिन्यांनीं कांडी काढून, मनगटाजवळची किंवा पायाची एखादी फारशा कामाची नसलेली कंडरा त्या नळींतून ओंवून घेतात. याच हंटर यांनीं १९७८ मध्यें हाताच्या पुनर्वसनावर मोठा ग्रंथ सिद्ध केला तो हस्तोपचारकांना बरोबरीनें संपादक घेऊन, हें येथें नमूद करणें मला अगत्याचें वाटतें.

शिमग्याच्या सुमारास मी शेवटचा त्या बांकावर बसलों. माझें बोट मोजून झालें होतें. तें तळव्यापासून बोटभर अंतरावर थांबतें, आणि याहून पुढें बहुधा जाणार नाहीं. तरुणाची पाळी माझ्यानंतर होती. कांडी घातलेलें बोट डाव्या हातानें वांकवीत त्यानें त्या मुलीला विचारलें, "ताई, पुढच्या दसऱ्याच्या आंत होईल का? टोळी तेव्हां निघते." तिनें बोटांवर महिने मोजले: कांडीचे राहिलेले, मग नवी कंडरा, मग पुन्हां सहा आठवडे, मग आणखी सहा. "होईल," ती म्हणाली, आणि त्याचें बोट आपल्या हातांत घेऊन तिनें पहिलें पेर वांकविण्यास सुरुवात केली.